डेकर की मॅके

केंब्रिजची (अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्सवालं, इंग्लंडचं नाही) प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, 3 सप्टेंबर 2024 ला झाली. राज्याच्या विधिमंडळातल्या जागेसाठी लढत होती मार्जरी डेकर आणि इव्हान मॅके यांच्यात, आणि रिकाउंट (फेरमोजणी) संपल्यावरही डेकर 41 मतांनीच पुढे राहिल्या. इतकं चुरशीचं होईल असं वाटलंच नव्हतं.

भारतातल्या लोकांना आधी सांगते, आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, इकडे ते मतदार देतात. आमच्या मतदारसंघात, म्हणजे पंचविसावा मिडलसेक्स, त्या नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीसाठी रिपब्लिकन उमेदवारच नव्हता, त्यामुळे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की आमदारकी खिशात. आणि मतदारसंघ केवढा, तर सुमारे 44 हजार लोकवस्तीचा, मत द्यायला आले सात हजारांच्या आत. सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी मतदान ठेवलं तर कोण येणार!

एकीकडे मार्जरी डेकर. 2013 पासून हाउसमध्ये (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात), त्याआधी बरीच वर्षं सिटी कौन्सिलवर, आणि 2024 मध्ये पब्लिक हेल्थ कमिटीच्या अध्यक्ष. दुसरीकडे इव्हान मॅके, हार्वर्डमध्ये शिकवणारे, तिथल्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांच्या युनियनचे माजी अध्यक्ष. मॅकेंचा मुख्य मुद्दा एकच, की बीकन हिलवर, म्हणजे बॉस्टनमधल्या विधिमंडळात, सगळं बंद दाराआड चालतं, कमिटीत कोणी कुठे मत दिलं ते लोकांना कळत नाही, स्पीकर म्हणेल ती पूर्व. शिवाय भाडेनियंत्रण परत आणायचं. ते इथे 1994 च्या सार्वमतानं राज्यभर बंद झालं आणि आजचं केंब्रिजमधलं भाडं बघितलं की या मुद्द्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि मॅकेंचं म्हणणं खरं ठरवायला विधिमंडळानंच मदत केली, 31 जुलैला अधिवेशन संपायचं ते रात्रभर खेचलं आणि तरी हवामानाचं बिल, इकॉनॉमिक डेव्हलपमेंटचं बिल तसंच लटकलं. नवरा (त्याला अजून मताचा अधिकार नाही, त्यामुळे मतं भरपूर आहेत) म्हणाला, बारा वर्षं होत आली ना डेकरबाईंना, आता दुसऱ्या कोणाला तरी द्या की चान्स.

पण ऑगस्टमध्येच गव्हर्नर हीलींनी बाळंतपणाच्या आरोग्याचं बिल सही करून कायदा केलं. सुइणींना, म्हणजे हॉस्पिटलबाहेर बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफना लायसन्स, बर्थ सेंटर उघडणं सोपं, असं बरंच काही त्यात आहे, आणि ते पुढे रेटण्यात डेकरबाईंच्या कमिटीचा मोठा हात. हे काम भाषणानं होत नाही, वर्षानुवर्षं त्याच खोल्यांमध्ये बसून, आज याला धर उद्या त्याला पटव, असं करत होतं. नवीन आमदार कितीही हुशार असला तरी पहिल्या टर्मला त्याला कमिटीचं अध्यक्षपद कोण देणार? गोची अशी की याच खोल्यांवर मॅकेंचा आक्षेप. म्हणजे ज्या पद्धतीनं बाईंनी काम करून घेतलं तीच पद्धत मोडायला ते निघालेत, आणि मला दोन्ही पटत होतं!

एक मैत्रीण म्हणाली, बाई पडणार नाहीतच, मी मॅकेंना देते, जरा चिमटा बसू दे. हा प्रकार मला आवडत नाही. मत चिमटा काढायला द्यायचं नसतं, निवडून आणायला द्यायचं असतं, कारण सगळ्यांनीच चिमटा काढला तर? मतदानाच्या रात्री मॅके पुढे दिसत होते तेव्हा तिचा फोन आला, आवाज जरा बारीक होता.

मी डेकरना दिलं. राग होता तरी दिलं, कारण मॅकेंनी उचललेला प्रश्न एका आमदाराला बदलून सुटेल असं मला वाटत नाही, 160 जणांच्या हाउसमध्ये एकटा माणूस नियम बदलणार कसा. नियमांवर दाब बाहेरूनच यायला हवा. 2024 च्या नोव्हेंबरच्या बॅलटवर (मतपत्रिकेवर) लोकांनीच ठरवायचा पहिलाच प्रश्न होता की स्टेट ऑडिटरला, म्हणजे राज्याच्या हिशेबतपासनीसाला, विधिमंडळाचं ऑडिट करू द्यायचं का. तिथे माझं होय होतं, आणि डेकरबाईंच्या ऑफिसला तसं ईमेलही टाकलं होतं. उत्तर अजून आलं नाही.