कुरडईचं झाड

आमच्या घरी त्याला कॅक्टस कुणीच म्हणत नाही, कुरडई म्हणतात. हे नाव सासूबाईंनी ठेवलं. मी नर्सरीतून आले, कागद सोडला, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं हे काय, तळायची राहिलेली कुरडई उचलून आणलीस का?" आणि खरं सांगू, त्यानंतर मला त्यात दुसरं काही दिसेचना. नर्सरीवाला ब्रेन कॅक्टस म्हणत होता, पण मेंदू आपण कधी बघतो, कुरडया मात्र दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या असतात.

खरं नाव मॅमिलारिया एलोंगाटा, मूळची मध्य मेक्सिकोतली. ही साधी असली की बोटाएवढ्या जाडीच्या कांड्यांचा गुच्छ येतो आणि अंगभर पिवळ्या काट्यांच्या चांदण्या. माझी आहे ती तुऱ्याची, तिच्या नावापुढे क्रिस्टाटा लागतं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच तुरेवाली. झाड वाढतं ते शेंड्याच्या एका टिंबातून, आणि तुऱ्याच्या झाडात कधीतरी त्या टिंबाची रेघ होते. मग शेंडा असा राहतच नाही, सगळी कडाच वाढायला लागते, आणि कडा जास्त नि जागा कमी म्हटल्यावर ती दुमडत, वळत, स्वतःतच शिरत बसते, साडीच्या फॉलला चुण्या पडतात ना तसं. थंडीचा दणका, किडीचा चावा, किंवा उपजतच काहीतरी बिघाड, कारणं बरीच सांगतात. आपल्या अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचं हेच झालेलं असतं, तो लाल मखमली तुरा म्हणजे शेतात उगवणाऱ्या कुरडूचाच शेंडा बिघडलेला. पावसाळ्यात भाजी करतो ती कुरडू. कोंबड्याचं बी पेरलं की निदान कोंबडा तरी येतो, कॅक्टसच्या तुऱ्याची मात्र बियांतून खात्री नाही, तुकडा कापूनच नवीन झाड करायचं.

हे दुसरं झाड आहे हं. पहिलं ठाण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात गेलं. वरून छान टवटवीत, आणि एक दिवस बुंध्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. नर्सरीतनं आलेल्या कोकोपीटच्या गोळ्यातच मी ते ठेवलं होतं, तो गोळा आतून ओला राहतो आणि आपल्याला वाटतं सुकलाय. शिवाय आमच्या घरात काहीही तहानलेलं राहू शकत नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं कुरडईवर, "बिचारी कोरडीठाक आहे गं." आणि वरून ओतलेलं पाणी त्या घड्यांत अडकून बसतं, तिथूनच कुजायला सुरुवात.

आता वाळू आणि विटेचा चुरा जास्त, माती नावाला, कुंडी मातीची आणि तीही पसरट. पाणी बशीतून, खालून, आणि तेही आधी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत खुपसून बघायची, तिला काही चिकटून आलं तर पाणी नाही. जून ते सप्टेंबर जवळजवळ नाहीच. काडी बघायचं काम सासूबाईंना दिलं आणि तेव्हापासून तांब्या बंद झाला, कारण आता त्या स्वतःच मला दटावतात, "आज नको, काडी ओली आहे." खिडकी पूर्वेची, ग्रिलमध्ये. एकदा उत्साहात थेट गच्चीवर मेच्या उन्हात ठेवली होती तर एका बाजूला तपकिरी डाग पडला, तो अजून आहे, जाणार नाही.

मध्येच पिठ्या ढेकूण झाला. कापसासारखे पांढरे ठिपके, आणि या झाडात लपायला जागाच जागा. कोविडच्या वेळची सॅनिटायझरची बाटली पडून होती, पाण्यासारखं पातळ असतं ते, त्यात इअरबड बुडवून घडीघडीतनं पुसत बसले, तीन रविवार. इतका वेळ मी मुलाचे कानही कधी साफ केले नाहीत.

पण खरा वाद पुढे झाला. दिवाळीनंतर कुरडईच्या कडेतून एक सरळ कांडी वर आली. अगदी नीट, गोल, टोकदार. सासूबाई हरखल्या, "बघ, लागलं सुधारायला!" आणि मी ब्लेड घेऊन आले. झालं असतं असं की ही सरळ कांडी तुऱ्यापेक्षा भराभर वाढते, आणि अशा चारपाच आल्या की तुरा मागे पडतो, म्हणून दिसली की काढायची. हे सगळं मी त्यांना टिंब आणि रेघ काढून समजावलं, वर्तमानपत्राच्या कडेवर. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे धड निघालं ते पोर घराबाहेर काढायचं आणि वाकडं आहे ते पोसायचं." यावर काय बोलणार. नर्सरीत साध्याच्या चौपट पैसे मी त्या वाकडेपणाचेच मोजले होते, पण ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

कांडी मी कापलीच. घाव नीट सुकावा म्हणून आठवडाभर कपाटावर ठेवली आणि विसरले.

पुढे कधीतरी भांडी घासायच्या जागेच्या वरच्या खिडकीत श्रीखंडाचा डबा दिसला, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत माझीच वाळू-विटेची माती, आणि मध्ये ती कांडी. आता दोन वर्षं झाली, तिच्या नऊ कांड्या झाल्यात, आणि यंदा फिकट पिवळी बारीक फुलंसुद्धा आली. माझ्या कुरडईला अजून एकही नाही. कुणी घरी आलं की सासूबाई आधी श्रीखंडाचा डबा दाखवायला नेतात, मग ग्रिलकडे हात करून म्हणतात, "आणि ते वाकडं हिचं."