टाकीशेजारचं वेखंड

घरी आलेला माणूस चहा पिऊन निघाला की फाटकाशी थांबून विचारतोच, "टाकीशेजारी ते पिवळं गवत कसलं लावलंय? आमच्याकडे असल्या ओलीत काहीच टिकत नाही." उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून आज सावकाश लिहिते.

ते गवत नाहीच. वेखंडाचं धाकटं भावंड आहे. मलाही हे आधी ठाऊक नव्हतं. नर्सरीत ‘फॅन्सी ग्रास’ म्हणून मिळालं आणि रंग आवडला म्हणून आणलं. ओळखलं सासूबाईंनी. एका सकाळी त्या टाकीशी वाकल्या, एक पात तोडली, दोन बोटांत चुरगळली आणि नाकाशी नेली. क्षणभर डोळेच मिटले त्यांनी. "अगं, हे तर वेखंड! बाळंतिणीच्या खोलीत यायचा तो वास." मी वास घेतला. खरंच, बाळाला न्हाऊ घातल्यावर अंगाला लावायच्या पावडरीचा तोच उग्र-गोड वास.

आपलं औषधी वेखंड उंच वाढतं आणि त्याच्या पातीला मधोमध उठून दिसणारी शीर असते. हे बुटकं, जेमतेम वीत-दीड वीत, आणि पात सपाट, तशा शिरेशिवाय. मूळचं जपान-चीनकडच्या ओढ्याकाठचं. पिवळ्या पट्ट्यांच्या जातीला ‘ओगोन’ म्हणतात, म्हणजे जपानीत सोनेरी. वनस्पतिशास्त्रज्ञ वेखंडाला गवतात तर नाहीच, पूर्वीसारखं अळूच्या कुळातही धरत नाहीत; त्याचं कुळ वेगळं मानतात. भात, केळ, नारळ, ऑर्किड या साऱ्या एकदल वनस्पतींच्या वंशात सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी ती हीच. टाकीशेजारी एवढं जुनं घराणं नांदतंय, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता तुमच्या कोपऱ्याबद्दल. आधी ओल कुठून येते ते बघा. पाइप गळत असेल तर प्लंबर बोलवा, झाड नको. आमच्याकडे काळी माती, उतार भिंतीकडे आणि ऊन फक्त सकाळचं. इथे नाशिकला पुरात गोदेचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागतं, त्या आठवड्यात आमच्या या कोपऱ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे दोनदा लॉन अंथरलं, दोन्ही वेळा सडलं. मग एका नर्सरीतून दिसायला असंच असलेलं मोंडो ग्रास आणलं, तेही बुडातून कुजलं. मोंडोला ओलावा चालतो, पण मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही.

म्हणून विकत घेताना पात चुरगळून बघा. मोंडोला हा वास नाही. शिवाय वेखंडाच्या पाती बुडाशी एकमेकींत बसवलेल्या असतात, हातपंख्यासारख्या एकाच पातळीत उघडतात. मोंडोचा नुसता झुबका.

लावायचं मृगाच्या पावसानंतर, एकेक वीत अंतरावर, मातीत कुजलेलं शेणखत मिसळून. पसरतं जमिनीलगतच्या आडव्या खोडाने, आणि अगदी हळू. जागा भरायला आम्हाला तीन पावसाळे लागले. तोवर खरी लढाई लव्हाळ्याशी. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, पण लव्हाळ्याचा फुलाचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. तो दिसला की खालच्या गाठीसकट खणून काढा. वरून उपटलात तर गाठ पुन्हा फुटते.

थंडीची काळजी करू नका. निफाडचा पारा कितीही उतरो, या झाडाने त्याहून कडक हिवाळे पाहिलेत. नाशिकमध्ये जपायचं ते एप्रिल-मेमध्ये. काळी माती भेगाळली की मुळं तुटतात आणि पातींची टोकं तपकिरी होतात. तेव्हा मी रोज संध्याकाळी पाणी देते आणि बुडाशी पालापाचोळा अंथरते. दुपारचं ऊन पडत असेल तर तिथे लावूच नका. फिल्टरमधून वाया जाणारं पाणीही नको; त्यात क्षार जास्त, त्यानेही टोकं करपतात. आणि डबकं साचू देऊ नका. झाडाला ते चालेल, पण डासांनाही चालेल.

घरात तान्हं बाळ असलं की हमखास विचारतात, घुटीत उगाळायला हे चालेल का? नाही. हे शोभेचं आहे. आणि वेखंडातल्या ॲसारोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ सालापासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. बाळाला काही चाटवायचं तर आधी डॉक्टरांना विचारा.

रोपं विकत घ्यायची गरज नाही. जूनमध्ये मी गड्डे विभागते, तेव्हा या. तीन-चार पंखे आणि खाली खोडाचा तुकडा असा एकेक भाग काढून देईन. फक्त येताना ओलं गोणपाट आणा. घरी पोचेपर्यंत मुळं सुकायला नकोत.