भेगेत समुद्र कधी येणार?

आफ्रिका दुभंगतेय म्हणतात, मग त्या भेगेत समुद्र कधी येणार? हा प्रश्न वरचेवर येतो, आणि सोबत बहुतेक वेळा केनियातल्या एका तुटलेल्या रस्त्याचा फोटो असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

आधी तो फोटो बाजूला ठेवू. मार्च 2018 मध्ये माई माहिऊ ते नारोक रस्ता तोडणारी ती घळ मुख्यतः पावसाची करणी होती. तिथली जमीन ज्वालामुखीच्या भुसभुशीत राखेची. मुसळधार पावसाचं पाणी आतल्या आत राख वाहून नेतं, खाली पोकळी होते आणि एक दिवस वरचं छत कोसळतं. प्लेटींचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा, वेग एवढा नसतो. पूर्व आफ्रिकेची खचदरी, म्हणजे जमीन ताणून खचल्याने झालेली लांबच लांब दरी, इथिओपियात वर्षाला जेमतेम 6-7 मिलिमीटर रुंदावते, दक्षिणेकडे त्याहूनही कमी. म्हणजे दहा लाख वर्षांत 6-7 किलोमीटर.

आता मुद्द्याचं. महासागर कशाला म्हणायचं, हे भूशास्त्रात पाण्यावरून ठरत नाही, तळाच्या खडकावरून ठरतं. खंडाचं कवच साधारण 35 किलोमीटर जाड आणि हलकं, ग्रॅनाइटच्या जातकुळीचं. महासागराचं कवच 6-7 किलोमीटरच, पण बेसाल्टचं, जड. दोन्ही खालच्या प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरावर, तरून असतात, म्हणून जाड आणि हलकं ते उंच राहतं, पातळ आणि जड ते खोल बसतं. पाणी मग उताराने तिथे जमतं, एवढंच.

खंड ताणला की वरचे 10-15 किलोमीटर ठिसूळ असल्याने तुटतात, खालचा उष्ण भाग चिक्कीच्या पाकासारखा लांबतो. तुटण्याच्या रेषा साधारण 60 अंशांनी कललेल्या असतात. त्यांवरून मधला ठोकळा खाली घसरतो, पण बहुधा एकाच बाजूने जास्त, त्यामुळे दरीची एक भिंत उभी आणि दुसरी सौम्य. टांगानिका सरोवर अशाच खाचेत आहे. खोली 1,470 मीटर, तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 700 मीटर खाली, आणि तरी पाणी गोडं! नुसता खड्डा खोल असून भागत नाही.

कवच पातळ झालं की खालचं प्रावरण वर सरकतं. इथे बहुतेकांची गफलत होते: प्रावरण म्हणजे उकळता शिलारस नव्हे, तो घन खडकच आहे, फक्त अतिशय संथपणे वाहणारा. तो वितळतो ते उष्णता वाढून नाही, तर वर येताना दाब घटल्यामुळे. हा वितळलेला बेसाल्ट उभ्या भिंतींसारखा कवचात घुसतो. सप्टेंबर 2005 मध्ये इथिओपियाच्या अफार भागात, दब्बाहू ज्वालामुखीजवळ, सुमारे 60 किलोमीटर लांबीची अशी भिंत घुसली आणि काही ठिकाणी जमीन 8 मीटरपर्यंत फाकली. काही शतकांची थकबाकी काही दिवसांत वसूल. मिलिमीटरची सरासरी प्रत्यक्षात अशीच हप्त्याहप्त्याने फिटते.

ताणून ताणून जुनं कवच संपलं आणि फटीत सगळं नवं बेसाल्टच भरू लागलं की महासागर जन्मला. लाल समुद्राच्या दक्षिण भागात हे सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी घडलं. पुढे नवा तळ मध्यरेषेपासून दोन्हीकडे सरकतो, थंड होतो, आकसतो, खचतो. खोलीचा एक सोपा आडाखा आहे: 2,500 मीटर अधिक, तळाच्या वयाच्या (दशलक्ष वर्षांत) वर्गमुळाची 350 पट. 40 लाख वर्षांचा तळ 3,200 मीटर खोल, 6 कोटी 40 लाख वर्षांचा 5,300. त्यापुढे आडाखा फसत जातो, खरी खोली त्याहून कमी निघते.

प्रत्येक भेग मात्र इथवर पोचत नाही. एका जागी तीन भेगा फुटतात, त्यांतल्या दोन जुळून ताण स्वतःकडे घेतात आणि तिसरी अर्धवट राहते. नायजेरियातला बेन्वे खळगा तसाच, अटलांटिकच्या जन्मावेळी मागे राहिलेला. अशा सोडून दिलेल्या भेगा थंड होत खचत राहतात आणि गाळाने भरतात. उत्तर समुद्राखालची भेगही अर्ध्यावर थांबलेली. वर समुद्र आहे, पण तळ खंडाचाच. उलट आइसलँडचा तळ महासागराचा आणि तो पाण्याबाहेर. माझ्या मते ही जोडी ध्यानात राहिली तर प्रश्न अर्धा सुटतो.

राहिला तुमचा 'कधी'. अफारमधल्या दनाकिल खोलगटाचा तळ आजच समुद्रसपाटीपेक्षा 120 मीटर खाली आहे. मधल्या ठेंगण्या डोंगरांमुळे लाल समुद्र अडलेला, पण उंबरठा तुटला तर पाणी शिरायला लाखो वर्षं लागणार नाहीत. ते आधी शिरलेलंही आहे: कडेला सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचे प्रवाळ सापडतात आणि मधोमध मिठाचे जाडजूड थर. समुद्र आला, वाट बंद झाली, आटला. पुन्हा आला तरी तो असाच आटू शकतो.