तुम्ही विचारलंत म्हणून: अंडं उकडलं की प्रोटीन जातं का?

तळजाईवर सकाळी फिरायला येणारे काका, आमच्या सोसायटीतली जिमवाली पोरं, सगळे फिरून फिरून एकच विचारतात, मॅडम तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना, मग सांगा, अंडं उकडल्यावर त्यातलं प्रोटीन मरतं ना? कच्चंच प्यायलेलं बरं ना?

नाही हो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं आणि उकडल्यावरही ते तेवढंच राहतं. व्हिटॅमिन सी उष्णतेने जातं हे सगळ्यांना माहीत असतं, त्याच माळेत लोक प्रोटीनलाही ओवतात, गोंधळ तिथे आहे.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड्सची लांब साखळी. अंड्याच्या पांढऱ्यात सगळ्यात जास्त असतं ते ओव्हाल्ब्युमिन, त्याच्या एका साखळीत 385 अमिनो ॲसिड्स. ती एकमेकांना पेप्टाइड बाँडने जोडलेली असतात, आणि हा खरा कोव्हॅलंट बाँड, म्हणजे एकदम पक्का. पण साखळी अशी सरळ लोंबत नसते, ती ठरलेल्या पद्धतीने दुमडून गोळा होऊन बसते, पाणी नको असलेले भाग आत आणि पाणी चालणारे बाहेर, आणि हा आकार टिकतो तो बराचसा हायड्रोजन बाँड वगैरे किरकोळ ओढींवर. एकेकटी ओढ पेप्टाइड बाँडच्या दहाव्या भागाइतकीही नसते, पण अशा खूप असतात म्हणून जमतं. (साखळी कुठे कशी वळू शकते, कुठे अजिबात नाही, याचा नकाशा आपले शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये बसून 1963 साली मांडला, जगभर आजही तो रामचंद्रन प्लॉट म्हणूनच शिकवतात. आमची पोरं प्लॉट म्हटलं की आधी हिंजवडी आठवतात, असो.)

आता गॅसवर अंडं ठेवलं. साधारण 60 डिग्रीच्या पुढे या किरकोळ ओढी सुटायला लागतात, साखळ्या उलगडतात, आतले पाण्याला नको असलेले भाग उघडे पडतात आणि मग ते एकमेकांनाच चिकटतात, काही ठिकाणी तर सल्फर-सल्फरचे नवे पक्के बाँडही होतात, म्हणून अंडं घट्ट होतं, पांढरं दिसतं आणि गार केलं तरी परत पातळ होत नाही. पेप्टाइड बाँड मात्र जागच्या जागी. साडीची घडी मोडली, साडी फाटली नाही.

फाडायचीच असेल तर किती कष्ट पडतात ते लॅबमध्ये बघा. प्रोटीनमधली अमिनो ॲसिड्स मोजायला ते 6 नॉर्मल, म्हणजे चांगल्याच तीव्र, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 110 डिग्रीला जवळजवळ 24 तास ठेवतात, तेव्हा कुठे साखळी पूर्ण तुटते. तुमच्या दहा मिनिटांच्या उकळीने काय होणार!

आपल्या पोटात हेच काम एन्झाइम्स करतात, आणि त्यांना उलगडलेली साखळी कापायला सोपी जाते. 1998 साली एक अभ्यास झाला होता, त्यात शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन सुमारे 91 टक्के पचलं आणि कच्च्यातलं फक्त 51 टक्के. म्हणजे कच्चं पिणारा जवळजवळ अर्धं वाया घालवतोय, वर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती वेगळीच. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिन या व्हिटॅमिनला धरून ठेवतं, शिजवलं की तेही सोडून देतं. डाळी-कडधान्यांचंही तसंच, कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं, ते पण प्रोटीनच, आणि कुकरमध्ये त्याचा आकार मोडला की निरुपद्रवी.

नुकसान होतच नाही असं मात्र नाही. खूप भाजलं, तांबूस-काळं केलं की लायसिन नावाचं अमिनो ॲसिड साखरेशी जोडलं जातं आणि तेवढं आपल्याला मिळत नाही. फार वेळ उकडलेल्या अंड्यात पिवळ्याभोवती हिरवट कडा येते ना, तो सल्फर आणि लोखंडाचा उद्योग, दिसायला वाईट, बाकी खायला काही हरकत नाही.

आणि हो, जिमवाल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच, व्हे पावडर (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) गरम दुधात चालते का. चालते, फक्त गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या गार दुधात कालवून घ्या.