ट्रॅक्टर सगळे दाखवतात, मॉइश्चर मीटर कोणीच नाही

गोरेगावच्या ऑफिसात मी मक्याचा विषय काढला की लोकांना डायरेक्ट चौपाटीवरचा लिंबू-तिखट लावलेला भुट्टाच आठवतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, मुंबईत मका दिसतो तेवढाच. पण खरं तर आपण मका खातो तो जास्त करून अंड्यातून, चिकनमधून. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त वजन मक्याचंच असतं, आणि तबेल्यातल्या म्हशींना पेंडीबरोबर भरडा घालतात त्यातही मका असतोच. हा पिवळा, कडक दाण्याचा मका, स्वीट कॉर्न नाही.

आमची शेती येवल्याकडं, चुलत भाऊ बघतो, मी जोगेश्वरीत बसून फोनवरून अक्कल शिकवतो (हे त्याचे शब्द). तर सध्या गावोगावच्या पोरांच्या रील्स बघतोय, सगळ्या पेरणीच्या. नवीन ट्रॅक्टर, मागं न्यूमॅटिक प्लांटर (हवेच्या जोरावर एकेक दाणा टाकणारं पेरणीयंत्र), वर ड्रोन शॉट, खाली दणदणीत गाणं. भारी दिसतं, नाही म्हणत नाही, आणि प्लांटरचा फायदा खरा पण आहे. मक्याचं असं आहे की गव्हासारखे त्याला फुटवे येत नाहीत, एक रोप चुकलं की तेवढी जागा गेलीच, आणि एका जागी दोन दाणे पडले तर दोघं भांडत बसतात नि कणीस धड एकालाही लागत नाही. दोन ओळीत ६० सेंटीमीटर, दोन रोपांत २० धरलं तर एकरी ३३ हजारांच्या वर रोपं बसतात. एवढी एकेक करून मोजून टाकायला मशीन पाहिजेच, फक्त ते हळू चालवायला पाहिजे, ताशी चार-पाच किलोमीटर, आणि ड्रायव्हरला तर दिवसभरात जास्त एकर मारायचे असतात! साध्या प्लांटरमध्ये बियाण्याच्या आकाराची चकती बदलावी लागते तिकडं पण कोण बघत नाही. असो. मधली खतं, तणनाशक, २०१८ पासून डोक्याला ताप झालेली लष्करी अळी आणि तिच्यासाठी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, मारायचं औषध, हे सगळं येतं पण त्याच्यावर सगळेच लिहितात.

माझं म्हणणं एवढंच की जनावराच्या खाद्याच्या मक्यात पैसा काढणीला आणि वाळवणीला राहतो किंवा जातो, आणि तिथली मशिनरी बघायला कोणालाच मजा येत नाही.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे दाणा भरला, पण तेव्हा त्यात पाणी ३० टक्क्यांच्या वर असतं. हार्वेस्टर घालायचा तर २०-२५ पर्यंत खाली आलेलं बरं. आणि साठवायला पाहिजे १४ च्या आत, जास्त दिवस ठेवायचा तर १२. आता हिशोब करा, २५ टक्क्यांचा १०० क्विंटल माल १४ वर आणला तर काट्यावर साधारण ८७ क्विंटल भरतो. १३ क्विंटल निव्वळ पाणी. म्हणून मग शेतकरी म्हणतो ओलाच विकून टाकू, व्यापारी भावात कापतो, कधी हिशोबाने कापतो तर कधी नुसता मूठभर दाणे हातात घेऊन अंदाजाने. स्वतःचं मॉइश्चर मीटर, म्हणजे दाण्यातलं पाणी मोजायचं यंत्र, खिशात असलं तर निदान भांडता तरी येतं. ते मीटर ट्रॅक्टरच्या एका टायरपेक्षा स्वस्त आहे पण घरात नसतं.

दुसरं म्हणजे मळणी. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरवला की काम लवकर उरकतं पण दाणा फुटतो, ओल्यात तर जास्तच. फुटलेल्या दाण्यात बुरशी पटकन शिरते आणि मग अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष. कोंबड्यांचं लिव्हर जातं, बदकं तर फार नाजूक, आणि गाई-म्हशीने खाल्लं तर त्याचा अंश दुधात उतरतो, दूध उकळून तो जात नाही. म्हंजे येवल्यात ड्रम किती जोरात फिरवला हे अंधेरीत चहा पिणाऱ्याच्या कपापर्यंत येऊ शकतं. पोल्ट्रीवाले फुटका, बुरशीचा माल परत पाठवतात ते नखरे नाहीत.

हार्वेस्टर आमच्याकडं सगळ्यांनाच चालत नाही, तुकडे बारके, त्यात ऑक्टोबरचा पाऊस पडला की काळ्या रानात मशीन रुततं. मग मजूर लावून कणसं मोडायची आणि ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राने मळायची, आणि वाळवायला रस्ता, डांबरावर मका पसरलेला तुम्ही गावी जाताना बघितलाच असेल. मशिनरी एवढी पुढं गेली आणि वाळवणी अजून ताडपत्रीवर.

आता भाव म्हणाल तर २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, बाजारात तेवढा मिळेलच असं नाही. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारने ब्रेक लावला तेव्हापासून डिस्टिलरीवाले पण मक्याच्या मागं लागले, पोल्ट्रीवाले कुरकुरतात, शेतकऱ्याला तेवढीच दोन गिऱ्हाइकं. पण दोघांना कोरडाच माल पाहिजे.

भावाला म्हटलं पाच-सहा जण मिळून फिरता ड्रायर घेऊ, ट्रॉलीसारखा मागं लावून नेता येतो तो. तो म्हणाला डिझेल कोण भरणार, आणि पाऊस आला त्या दिवशी पहिला नंबर कोणाचा? याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या गावात कोणी असं भागीत चालवत असेल तर नंबर कसे लावता ते सांगा, दिवाळीत गेलो की त्याच्यापुढं ठेवतो.