उणे १८ अंशांवर कॅन का आपटायचा?

वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांतून ॲसिडचे निळे कॅन रोज बाहेर पडतात. गोव्यात कधी थंडी नसते, मग कॅन इतका थंड करून आपटायची ही चाचणी कशाला, असं विचारतात. कारण गारठ्यात प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि लपलेला दोष उघडा पडतो.

कॅन ९८ टक्के भरायचा, पाण्यात गोठणरोधक घालून. आत बर्फ झाला तर चाचणी फुकट. मध्यम धोक्याच्या द्रवासाठी १.२ मीटरवरून टाकायचा. पण ही उंची १.२ घनतेपर्यंतच! सल्फ्युरिक ॲसिडची घनता १.८३, पाणी त्याहून हलकं, म्हणून पाण्याने चाचणी घेताना उंची घनतेच्या आकड्याइतकी, वर पूर्ण करून १.९ मीटर. इथेच लोक चुकतात. तीन नग कडेवर तिरपे, तीन सर्वांत कमकुवत जागी, बहुधा बुचावर. फुटतो तो बहुतेक तळाच्या जोडरेषेवर: तिथे जाडी कमी भरते.

गळतीसाठी पाण्यात बुडवून २० किलोपास्कल दाबाची हवा, पाच मिनिटं. थप्पीचा भार मात्र ४० अंशांवर २८ दिवस. घाई करू नका.

आणि कॅनवर छापलेला उत्पादनाचा महिना-वर्ष बघाच. साधारणपणे पाच वर्षांनंतर तो कॅन धोकादायक मालासाठी बाद. उन्हात पांढुरका पडला असेल तर त्याआधीच काढून टाका.