बुलेटचे हेड, पिस्टन आणि नागपूरचे ऊन

वडिलांच्या जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या बुलेट ३५० चे इंजिन आज सकाळी सदरमधील एका लेथवाल्या काकांकडे उघडले. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. सिलिंडर झिजून अंडाकृती झाल्यामुळे रीबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करणे, अटळ होते. मला एकदम १ मिलिमीटरने मोठा पिस्टन हवा होता, परंतु त्याने जेमतेम १० सीसी वाढतात, उलट ०.५० मिलिमीटरने मोठा घेतल्यास पुढच्या रीबोअरसाठी धातू शिल्लक राहतो, हा काकांचा हिशेब मला पूर्णपणे पटला.

हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, घासून कॉम्प्रेशन (आतल्या मिश्रणावरचा दाब) वाढवण्याचा मोहही मी सोडला, कारण हवेवर थंड होणारे हे इंजिन मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात वर्धा रोडवर चालायचे आहे, आणि तिथे साध्या पेट्रोलवर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी, झटक्याने होणारा स्फोट) सुरू झाले की पिस्टनचा माथा जळायला वेळ लागत नाही. वाचलेले पैसे व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) खर्च केले; ताकद खरी तिथेच गळत होती.

ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीचे माप मी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) स्वतः दोनदा तपासले. वडील असते तर त्यांनी तिसऱ्यांदाही तपासायला लावले असते. पिस्टनच्या रिंगा उद्या बसतील.